बाकड्याचा ठराव

आमच्या गावातल्या बसथांब्यापाशी एक लाकडी बाकडं होतं. त्याची मधली फळी कुजून गेली होती, त्यामुळे भार पुढे टाकायचा की मागे हे आधी ठरवून मगच टेकावं लागलं असतं. मी त्यावर कधीच बसले नाही. माझं भांडण बाकड्याशी नव्हतं, त्याच्या समोरच्या खड्ड्याशी होतं.

गाव इंग्लंडच्या नैर्ऋत्येला. एक चर्च, एक पब, एक शाळा आणि दिवसातून चार वेळा येणारी बस. खड्डा असा की पहिल्याच पावसाळी संध्याकाळी गाडीचं चाक त्यात आपटलं आणि टायर गेला. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या बाईला खड्ड्याचं अप्रूप नसावं, पण विलायतेत आल्यावर आपण उगाच अपेक्षा वाढवून ठेवतो. तर ती तक्रार घेऊन मी पहिल्यांदा पॅरिश कौन्सिलच्या सभेला गेले.

पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत, असं मी घरी सांगते. पॅरिश हा मुळात चर्चचा इलाका. गावचा कारभार पूर्वी चर्चमधल्याच एका खोलीत चालायचा आणि पाद्रीबाबा अध्यक्ष असायचे. १८९४ च्या कायद्याने तो चर्चपासून वेगळा काढला आणि निवडून दिलेली माणसं त्या कारभारावर बसवली. पार्लमेंटसाठी मत द्यायला इथल्या बायकांना १९१८ उजाडावं लागलं, पण पॅरिश कौन्सिलला त्या १८९४ पासूनच उभ्या राहू शकत होत्या. मला हे फार आवडलं. देश चालवायला बाई नको, पण गावच्या नळाचं, वाटेचं आणि दफनभूमीचं बघायला चालेल, हा हिशोब मात्र ओळखीचा वाटला.

सभा गावच्या हॉलमध्ये होती. सहा सदस्य, एक क्लार्क, आणि श्रोत्यांत मी. सुरुवातीला गावकऱ्यांसाठी थोडा वेळ असतो. मी उठून खड्ड्याची लांबी, रुंदी आणि टायरचं बिल असं सगळं वाचून दाखवलं. अध्यक्षबाईंनी मन लावून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, रस्ता आमच्याकडे येत नाही, तो वरच्यांकडे. आम्ही त्यांना पत्र लिहू. क्लार्कने लिहून घेतलं: 'पत्र लिहिणे.' त्या दोन शब्दांवर माझा टायर मिटला.

मी निघणारच होते, पण बाहेर धो-धो लागला होता. म्हणून बसले. विषय क्रमांक सात: बसथांब्याजवळील बाकडे.

त्या बाकड्यावर पस्तीस मिनिटं चर्चा झाली. मी घड्याळ लावून सांगते. तीन दरपत्रकं आली होती. एक ओकच्या लाकडाचं, एक जुन्या प्लास्टिकपासून बनवलेलं, आणि एक नुसत्या फळ्या बदलून देण्याचं. एक जुना शेतकरी म्हणाला, प्लास्टिक हिवाळ्यात गोठतं, म्हातारी माणसं घसरतील. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, ओक दहा वर्षांत काळा पडतो आणि दर दोन वर्षांनी त्याला तेल पाजायचं कुणी? मग तोंड कुणीकडे करायचं यावर गाडी आली. रस्त्याकडे केलं तर येणारी बस दिसते, शेताकडे केलं तर डोंगर दिसतो. कुणीतरी म्हणालं, बस दिसायला आधी यायला लागते. सगळे हसले, आणि बाकडं पुन्हा रस्त्याकडे वळलं. शेवटी ओक की प्लास्टिक यावर मतं पडली तीन विरुद्ध तीन. अशा वेळी अध्यक्षांना एक जादा मत असतं. ते त्यांनी ओकला दिलं, आणि देताना असा चेहरा केला की जणू दोन देशांमधला तह व्हायचा राहिला होता.

घरी येऊन मी आबांना फोन केला. आबा आमच्या गावच्या पंचायतीत तीन टर्म सदस्य होते.

"आगं, एका बाकड्याला ठराव?" आबा म्हणाले. "आमच्यात आमदारसाहेबांचा माणूस येतो, टेम्पोतनं दहा बाकडी उतरवतो आन् जातो."

"आबा, इथे वरून निधी येत नाही. लोकांच्या घरपट्टीतूनच पैसे काढायचे."

"मग नाव कुणाचं टाकायचं त्याच्यावर?"

हा प्रश्न खरा होता. आमच्याकडच्या सिमेंटच्या बाकड्याच्या पाठीवर 'यांच्या सौजन्याने' लिहिलेलं असतं आणि तो माणूस जिवंत, बहुधा पुढच्या निवडणुकीला उभा असतो. इथल्या बाकड्यांवर पितळेची छोटी पट्टी असते आणि त्यावरचं नाव गेलेल्या माणसाचं असतं. 'तिला ही जागा आवडायची', एवढंच. मेलेल्या माणसाला मतं नको असतात, म्हणून अक्षरं लहान असली तरी भागत असावं.

पुढच्या वर्षी एक जागा रिकामी झाली आणि अर्ज एकही आला नाही. इथे हे नेहमीचंच. पोटनिवडणुकीची मागणी कुणी केली नाही तर कौन्सिल कुणाला तरी निवडून घेते, आपल्या भाषेत स्वीकृत सदस्य. क्लार्कने मला फोन केला. मी म्हटलं, माझा पासपोर्ट भारताचा आहे. ती म्हणाली, राष्ट्रकुलातल्या नागरिकाला चालतं. कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा, आणि शेवटचे बारा महिने गावात किंवा गावापासून तीन मैलांच्या आत राहिलेलं असलं की झालं. ज्या देशाने दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं, त्याच्या एका कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर मी राज्य करायला लागले. पगार नाही, भत्ता नाही, वर लोक दुकानात गाठून कुत्र्यांच्या घाणीबद्दल बोलतात.

काम काय असतं, हे आत बसल्यावरच कळतं. कौन्सिलला मनात आलं ते करता येत नाही. प्रत्येक गोष्टीला कायद्याची परवानगी असावी लागते. गावात घड्याळ लावायचं असेल, रस्त्याच्या कडेला बाकडं ठेवायचं असेल, तर त्याची मुभा १९५७ च्या कायद्यात आहे. सभेची सूचना तीन पूर्ण दिवस आधी गावात लावायची. त्यात सूचना लावल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही आणि रविवारही नाही. म्हणून मंगळवारच्या सभेसाठी आमची क्लार्क गुरुवारी हॉलबाहेरच्या फळ्यापाशी दिसते. फळ्याच्या काचेच्या दाराचं कुलूप गंजलंय, ती एका हाताने किल्ली हलवते, दुसऱ्या हाताने छत्री धरते आणि टाचण्या तोंडात. आमच्या गावात कोतवाल हलगी वाजवत दवंडी द्यायचा, तेव्हा निदान पोरं तरी मागे धावायची. इथे फळ्यासमोर एक मांजर बसलेलं असतं.

आणखी एक कलम मला पाठ आहे. दारूचा परवाना असलेल्या जागेत सभा घ्यायची नाही. फुकट किंवा रास्त भाड्यात दुसरी जागा मिळतच नसेल तरच चालेल. कायदा करणाऱ्याने खेड्यातल्या माणसाला जवळून पाहिलेलं असणार. आम्ही हे कलम काटेकोर पाळतो, आणि सभा संपल्याच्या पाचव्या मिनिटाला सगळे पबमध्ये असतो. खरी चर्चा तिथे होते, पण तिचं इतिवृत्त नसतं.

मला सर्वांत आवडतो तो बाहेर जाण्याचा विधी. एखाद्याच्या पैशाचा संबंध असलेला विषय आला की त्याने तसं जाहीर करायचं आणि त्या विषयापुरतं उठून जायचं. एकदा जुन्या शेतकऱ्याच्या स्वतःच्याच गोठ्याचा बांधकाम अर्ज आला. तो उठला, टोपी घेतली आणि बाहेरच्या बोळात कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी जाऊन उभा राहिला. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. आत आम्ही हळू आवाजात बोलत होतो, जणू त्याच्या पत्रिकेचे गुण जुळवतोय. खरं म्हणजे परवानगी देणं आमच्या हातातच नव्हतं. आम्ही फक्त मत कळवतो, ठरवतात वरचे. तरी तो तसाच उभा राहिला, आणि आम्ही हाक मारल्यावर काही न विचारता येऊन बसला. आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्यात असं असतं तर सभा बोळातच भरली असती."

मे महिन्याच्या आसपास अख्ख्या गावाची एक सभा होते. आपल्या ग्रामसभेसारखी, सगळ्या मतदारांना खुली. पहिल्या वर्षी नऊ माणसं आली. आबांना वाटलं मी तक्रार करतेय. ते म्हणाले, गणसंख्या नसेल तर तहकूब करायची, तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही, एवढं पण ठाऊक नाही? महाराष्ट्रातली कितीतरी गावं याच एका कलमावर चालतात. आम्ही मात्र दुसऱ्या वर्षी केक ठेवला. तेवीस आली.

या सगळ्यात बाकडं कुठे होतं? परवानगीत अडकलं होतं. रस्त्याच्या कडेची गवताची पट्टीही रस्त्याचीच, म्हणून तिथे बाकडं ठेवायला रस्तेवाल्यांची संमती लागते. पत्र गेलं, स्मरणपत्र गेलं, नकाशा मागवला गेला, नकाशा चुकीच्या मापाचा म्हणून परत आला. ठरावानंतर अकरा महिन्यांनी बाकडं उभं राहिलं. मी आणि शाळेच्या बाई बघायला गेलो. नवा ओक मधासारखा दिसत होता, आणि त्याला रंध्याचा ताजा वास होता. बाईंनी हात फिरवून कुठे कूस निघालंय का ते पाहिलं. ज्यांनी प्लास्टिकला मत दिलं होतं, त्याच या बाई. बसल्या, पाय लांब केले, म्हणाल्या, बरं आहे. मी आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाकड्यावरून फिरवला. "मजबूत हाय," आबा म्हणाले. "आन् नाव?" मी म्हटलं, कुणाचंच नाही. अजून कुणी मेलं नाही.

तेवढ्यात दहा चाळीसची बस आली. वेळेवर आली, हे मुद्दाम नमूद करते. थांब्याला लागताना तिचं डावं पुढचं चाक बरोबर माझ्या खड्ड्यात गेलं. खड्डा रात्रीच्या पावसाने काठोकाठ भरलेला. ते पाणी उडालं ते सरळ नव्या बाकड्यावर, बाईंच्या मांडीवर आणि फोनमधून बघणाऱ्या आबांवर.

जुनं बाकडं मोडकं होतं, त्यावर कुणी बसतच नव्हतं, म्हणून हे कुणाला माहीतच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी विषय क्रमांक सात होता: बसथांब्याजवळील बाकडे तीन फूट मागे घेणे. वीस मिनिटं चर्चा झाली. मागे घ्यायचं म्हणजे नवी जागा, नव्या जागेला नवी संमती, आणि संमतीला नकाशा. खड्ड्याबद्दल पुन्हा पत्र लिहावं, असं कुणीतरी सुचवलं. सूचक मी, अनुमोदक ओल्या झालेल्या बाई. क्लार्कने मान वर न करता लिहून घेतलं.