गेंड्या भुंग्याच्या अळीचं रक्त: तिसरा महिना, एकदाची स्लाईड जमली

मंडळी, गेंड्या भुंग्याची अळी जंतूंपासून स्वतःचा बचाव कसा करते ते तिच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा माझा खटाटोप चाललाय, पण गेले दोन महिने माझी एकूण एक स्लाईड काळी पडत होती. थेंब काचेवर टाकून फोकस लावेपर्यंत कडेने तपकिरी आणि मग शाईसारखा काळा, वांगं चिरून पाण्यात न टाकता ठेवलं की होतं ना, अगदी तसं. सुया बदलल्या, काचा स्पिरिटने पुसल्या, छे! मग कधीतरी ट्यूब पेटली की अरे ही घाण नाहीये, ज्याचा मी शोध घेतोय तोच हा बचाव आहे. जखम झाली की फिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम जागं होतं, मेलॅनिन तयार होतं आणि भोक बुजतं, मी मात्र त्यालाच शिव्या घालत बसलो होतो.

आता जमलेली पद्धत. अळी गावच्या शेणखताच्या खड्ड्यातली, अंगठ्याएवढी जाड, चंद्रकोरीसारखी वळलेली. आधी बर्फावर ठेवून गार केली, काचेवर फ्रिजमधल्या सोडियम सायट्रेटचा थेंब तयार ठेवला (ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून गोठायला वेळ लागतो) आणि पायाचं टोक कापून येणारं रक्त थेट त्यात. मागच्या बाजूला सुई अजिबात टोचू नका, तिथे सगळं आतडं आणि शेण, पहिल्या वेळी मला पेशींऐवजी बॅक्टेरियांची जत्रा दिसली होती.

रक्त फिकट पिवळसर असतं. लाल पेशी नाहीतच, ऑक्सिजन श्वासनलिका थेट पोचवतात, त्यामुळे जे दिसतं ते बहुतेक पोलीस खातंच, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी. ४० च्या लेन्सखाली अर्ध्याहून जास्त गोल, आत रव्यासारखे दाणे असलेल्या पेशी, या ग्रॅन्युलोसाइट, जंतू गिळणाऱ्या. काही काचेला चिकटून पसरायला लागल्या, कडेने बारीक पाय फुटल्यासारख्या, त्या प्लाझ्मॅटोसाइट. एका बाजूला केंद्रक सरकलेल्या मोठ्या गोल फक्त दोनच दिसल्या, त्या इनोसायटॉइड असाव्यात. गिम्साने (पेशी रंगवायचा रंग) रंगवल्याशिवाय पैज लावणार नाही.

दुसरा प्रयोग तंगूसचा. मासे पकडायच्या तंगूसचा २ मिमी तुकडा उकळून निर्जंतुक केला आणि दुसऱ्या अळीच्या कातडीखाली सरकवला. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या अळीत काटा खुपसून भोवती जमलेल्या पेशी पाहिल्या होत्या, १९०८ चं नोबेल त्याला (पॉल एर्लिखबरोबर वाटून) मिळालं, म्हटलं आपण तंगूसवर भागवू. २४ तासांनी काढला तर एका टोकाला काळपट मोजा चढवल्यासारखं आवरण, दुसरं टोक जवळपास पारदर्शक. जंतू गिळण्याएवढा छोटा नसला की पेशी थरावर थर लावून त्याला असंच कोंडतात. तिसऱ्या अळीतला तुकडा रात्रीत बाहेर पडला, तो डब्यातल्या खतात शोधण्यात अख्खी सकाळ गेली, घरातून काय काय ऐकावं लागलं ते सोडा.

आणि एक वाईट बातमी. न टोचलेली एक अळी मेली, आधी पांढरी कडक झाली, आता वर हिरवी पावडर. म्हणजे मेटारायझियम, नारळाच्या बागांत शेतकरी मुद्दाम खतात मिसळतात ती बुरशी. ही कातडीतूनच शिरते आणि रक्तात गेली की कोलॅजेनसारख्या प्रोटीनचं पांघरूण घेते, त्यामुळे या सगळ्या पोलिसांना ती ओळखूच येत नाही. बाकीच्या अळ्या वेगळ्या डब्यांत हलवल्यात, जुनं खत फेकलं. मेलेली मात्र काचेच्या बाटलीत ठेवलीये, तिचे बीजाणू उद्या बघतो.