खून माझ्याच वहीतला
आज संध्याकाळी गणपतीतल्या नाटकाचं वाचन झालं, आमच्याच सोप्यात. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातल्या खुनाची गोष्ट, लेखक मीच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पात्रं मांडून बाण काढलेले. सावकार मयत, पुतण्यावर संशय, शेजाऱ्याशी बांधावरून दावा.

आत्तीनं चष्मा लावून कागद फिरवला. "अरे, हा शेजारी सावकाराच्या मेव्हण्याचा व्याही लागतोय की! मातीला तो पुढं असणार, आणि तू त्याला घरात बसवूलायस?" झालं. चार बाण खोडले, सहा नवे आले. भावकी आणि सोयरीक धरली तर आमच्याकडं परका माणूसच सापडत नाही, संशयित आणायचा कुठून!

पोलीस पाटीलही गेला. तो मी महाराष्ट्रातल्या पाहुण्यांच्या गावावरून उचललेला. कर्नाटकात १९६१ च्या कायद्यानं वंशपरंपरागत गावकामगार पदं रद्द झाली, हे आबांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं. कलम ३०२ पण खोडलं. १ जुलै २०२४ पासून खुनाला न्याय संहितेचं १०३.

कामाला आली ती गोकाकची सून. तिला मी नुसतं चहा आणायला ठेवलेलं. पण पंचनामा कन्नडमध्ये, पंच डोळे झाकून सह्या करणारे, आणि घरात तो कागद वाचता येणारी ती एकटीच. आता अख्खा तिसरा अंक तिच्यावर, आणि ती भूमिका करायला कुणी मिळत नाही. नीट कन्नड बोलणारी ओळखीत असेल तर इनबॉक्स करा. तालीम रात्री ९ ला, चहा-चिरमुरे आमच्याकडून.