वहीतला ‘चुकलं’ हा रकाना

दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाल्या, चालणं वाढवा, झोप सांभाळा, वजन थोडं उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता. तो मी घरी येऊन स्वतःच लावला.

त्याच रात्री एक वही आखली. तारीख, वजन, चाललेली मिनिटं, झोप आणि शेवटचा रकाना ‘चुकलं’. महिन्याभरात हाच रकाना सगळ्यात जास्त भरायला लागला. ‘आळशी.’ ‘जिभेवर ताबा नाही.’ ‘तुझ्याच्याने व्हायचं नाही.’ हा चाबूक हातातून सुटला तर मी जागची हलणार नाही, असं मला मनापासून वाटायचं.

व्हायचं मात्र उलटंच. दुपारी दोन घास जास्त गेले की ‘आजचा दिवस गेलाच’ म्हणत रात्रीपर्यंत खात राहायचं आणि सोमवारपासून नव्याने सुरुवात करायची. असं वागणारी मी एकटी नाही, हे फार उशिरा कळलं. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ साली यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खाण्यावर बंधनं घालून राहणाऱ्या तरुणींना आधी गोड खायला दिलं. त्यातल्या काहींना ‘असं सगळ्यांचंच होतं, स्वतःला बोल लावू नका’ असं समजावलं. मग चाखण्यासाठी गोड गोळ्या समोर ठेवल्या, तेव्हा हे शब्द ऐकलेल्या मुलींनी त्या कमी खाल्ल्या. वाचून मला रडू आलं. इतकी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि कुणी सांगितली असती तरी मी ती ऐकली नसती.

चौथ्या महिन्यात टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की पहिली चार पावलं खिळा रुतल्यासारखं व्हायचं. वहीत मी लिहिलं, ‘नाटकं’. आणि चालत राहिले, तेही झिजलेल्या बुटांत. सहा आठवड्यांनी पाय टेकवेना. तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं आहे, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं आणि विचारलं, “नेमकं कधीपासून दुखतंय?” तारीख शोधायला मी वही उघडली. ‘टाच’ हा शब्द एकाही पानावर नव्हता. होतं ते फक्त ‘नाटकं’. ‘नाटकं’. ‘नाटकं’. सहा आठवडे शरीर दुखतंय म्हणून सांगत होतं आणि मी त्याला खोटं ठरवत होते. त्या खुर्चीत बसून मला स्वतःची पहिल्यांदा खरोखर कीव आली.

घरी येऊन रकान्याचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, ‘तेव्हा काय चालू होतं?’

स्वतःचं कौतुक करायला मला जमत नव्हतं. ‘तू किती छान’ वगैरे लिहायला गेले की खोटं वाटायचं. म्हणून फक्त घडलेलं लिहायला लागले. दोन महिन्यांची पानं एकदम चाळली तेव्हा दिसलं की माझे बिघडलेले दिवस दोनच ठिकाणी साचत होते. एक तर पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस, नाही तर पाच तासांहून कमी झोपेनंतरचे. झोप तुटली की भूक वाढते. पाळीआधी अंगात पाणी साठून काटा किलो-दीड किलो वर जाऊ शकतो. त्याच काट्यावर उभी राहून मी स्वतःला इतके महिने शिव्या घालत होते!

पाळीआधी वजन करणं बंद केलं. झोपेचं काम अवघड होतं, कारण घरात आजारपण होतं आणि रात्री उठायची ती मीच. आठवड्यातून दोन रात्री मी उठणार नाही, असं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना आवाज कापत होता. कुणीच वाद घातला नाही. अडचण होती ती मागण्याची, आणि मला वाटतं की आपल्यातल्या बऱ्याचजणी नेमक्या इथेच अडतात.

चालण्याचं गणितही बदललं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट २०२० च्या शिफारशींमध्ये राहिलेली नाही. आठ मिनिटंसुद्धा मोजायची, हे कळल्यावर टाच सांभाळून तुकड्या-तुकड्यांत चालता आलं.

एक चूकही सांगायला हवी. पुढची रक्ततपासणी मी तीन आठवडे लांबवली. ‘आत्ता स्वतःला ताण नको द्यायला,’ अशी समजूत घालत होते. ती दया नव्हती, भीती होती. वहीत तसंच लिहिलं, ‘रिपोर्टची भीती वाटते’, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त दिलं. जाताना एक गोष्ट धीर देत होती: ही तपासणी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यात एका संध्याकाळचा ठसा जेमतेमच उमटतो.

५.९ आलं. मी अजून उंबरठ्यावरच आहे. डॉक्टर म्हणाल्या, असंच चालू ठेवा.

आज सकाळी बाराव्या मिनिटाला टाच ठणकली. मी तिथूनच परत फिरले, पायाखाली बर्फाच्या पाण्याची बाटली फिरवत बसले आणि वही ओढली. ‘१२ मिनिटं. टाच. रात्री साडेचार तास झोप. आज रात्री उठायची पाळी माझी नाही.’