काका, तुम्ही की तू?

सोमवार, रात्री ११

गठ्ठा आला. सतरा गोष्टी. मोबाइलवर वाचून डोळे जातात, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरवर काढल्या. हे पाप इथेच लिहून ठेवते.

कॉलेजातल्या आम्हा सात-आठ जणांचं हे पावसाळ्यातलं खूळ आता मित्रांच्या मित्रांपर्यंत पोचलंय. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन कार्टून मालिकेतली माणसं घ्यायची आणि आपली गोष्ट लिहायची. मराठीत किंवा इंग्रजीत, चार हजार शब्दांच्या आत. नावं झाकलेली, वर फक्त नंबर. परीक्षक दोन: मी आणि मालाडचा एक मित्र. त्याला सगळे एकसष्ट भाग पाठ आहेत. मला पाठ आहेत असं मी समजते.

मार्कांचे चार रकाने, प्रत्येकी दहा: भाषा, पात्रं, गोष्ट, मुळाशी इमान. शेवटचा रकाना माझ्याच हट्टानं आला. गेल्या वर्षी एका गोष्टीत टॉफ पत्र वाचत होती. टॉफ जन्मांध आहे. तळव्यांना जमिनीतले हादरे कळतात म्हणून ती चालते, लढते, कोण खोटं बोलतंय तेही ओळखते. पण कागदावरची शाई पायाला कशी कळणार? मालिकेत आईबापांना पत्र पाठवायचं म्हणून ती मैत्रिणीची, कटाराची, मदत मागते, तो केवढा नाजूक क्षण आहे. आणि इथे बाई खुशाल लिफाफा फोडून वाचतायत.

मंगळवार

आठ वाचून झाल्या. बसमध्ये तीन, जेवणाच्या सुट्टीत दोन, उरलेल्या कुकरच्या शिट्ट्या मोजत.

चारांत झुको, म्हणजे नायक आंगच्या मागावर असलेला अग्निराष्ट्राचा राजपुत्र, पहिल्याच खंडात आंगच्या टोळीला येऊन मिळतो. दोघींनी झुको-कटाराचं लग्न लावलंय. एकात कटाराच्या भावाचं, सॉकाचं, बूमरँग स्वतःची कहाणी सांगतं, ते मस्त जमलंय. एकीनं तर सगळ्यांना पुण्यात आणून झुकोच्या चहावेड्या काकाला, आयरोहला, सदाशिव पेठेत अमृततुल्य काढून दिलंय. पितळी पातेलं, आलं-वेलची कुटण्याचा ठेका, सगळं साग्रसंगीत. हसले खूप. पण हा माणूस दुसऱ्याच्या दुकानातल्या पहिल्याच घोटाला ‘हे तर पानांचं गरम पाणी’ म्हणून तोंड वाकडं करणारा (‘काका, चहा म्हणजे तेच असतं,’ असं झुको तिथल्या तिथे सुनावतो). दुधात खळखळ उकळलेला चहा बघून तो आधी पेठेतल्या कट्ट्यावर मटकन बसेल. ती गंमत लेखिकेच्या हातून सुटली.

आयरोहचं काय करून ठेवतात लोक! तोंड उघडलं की सुभाषित. दिनदर्शिकेच्या मागच्या पानासारखा बोलतो. अरे, याच माणसानं रानातली एक वनस्पती बघितली, ही एक तर अप्रतिम चहाची पत्ती असेल नाहीतर जहाल विष, असं म्हणाला आणि चहा करून प्यायला. ती विषारी निघाली, अंगभर चट्टे उठले. शहाणपण आहेच त्याच्याकडे, पण ते असल्या वेंधळेपणाला लागून येतं. नुसती सुभाषितं उचलली की उरतो तो मठाधिपती.

आई डोकावून गेली. ‘कसले पेपर तपासतेस?’ सांगितलं. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, ती काय गप्प बसते. म्हणाली, ‘म्हणजे मुळात जे नाही तेच लिहायचं, आणि मुळात नाही म्हणून तू मार्क कापणार?’

‘तसं नाही गं.’

‘मग कसं? मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं केली म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ. प-फ-ब-भ-म काही नाही, ओठाला ओठ लागायचा नाही. म्हणजे ‘राम’ हे नावसुद्धा नाही त्यात. त्याला तू मुळाशी इमानाचे किती देशील?’

उत्तर सुचलं नाही. भात झालाय, म्हणाले.

बुधवार

चार नंबरची गोष्ट मराठीत आहे. आत्तापर्यंत मराठीत फक्त दोन आल्यात, आणि दोन्ही एकाच ठिकाणी अडखळतात. झुको आयरोहला काय म्हणेल?

इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की काम भागतं. मराठीत लगेच घर उभं राहतं. आयरोह हा झुकोच्या बापाचा, ओझायचा, थोरला भाऊ, म्हणजे झुकोचा सख्खा चुलता. राजघराणं म्हणजे ‘काकासाहेब, आपण’ आलं. पण तेरा वर्षांच्या पोराचा चेहरा बापानं भर दरबारासमोर जाळला, राज्याबाहेर हाकललं, आणि सगळं सोडून बरोबर जहाजात आला तो हा एकटा. तीन वर्षं एका जहाजावर काढल्यावर कसलं ‘आपण’? आमच्या घरी धाकट्या काकाला आम्ही ‘तू’ म्हणायचो, थोरल्यांना ‘तुम्ही’, आणि चुकून उलट झालं तर आजी डोळे वटारायची.

शिवाय राजवाडा आणि ‘काका’ हे दोन शब्द शेजारी आले की मराठी कान आपोआप १७७३च्या शनिवारवाड्यात जातो. ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावणारा नारायणराव, आणि ज्याच्याकडे धावला तो राघोबादादा. इथे सगळं बरोबर उलटं आहे: बाप जाळतो, काका वाचवतो. चार नंबरवाल्यानं (की वालीनं) हे ओळखलंय. झुको झोपेत ‘काका’ असं ओरडतो आणि आयरोह दारापर्यंत येऊन थबकतो, एवढंच. खाली टीप नाही, इतिहासाचा धडा नाही.

मग शेवटचा तंबू. दगा देऊन गेलेला पुतण्या रात्रभर झोपलेल्या काकाच्या उशाशी बसून राहतो, सकाळी माफी मागायला लागतो, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला ओढून मिठीत घेतो. मूळ मालिकेतला हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेन. या गोष्टीत झुको तोपर्यंत ‘तुम्ही’ म्हणतो आणि इथे पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो: ‘मला वाटलं तू रागावला असशील.’ मी वाचून कागद खाली ठेवला. मालाडकराला फोन केला तर तो म्हणे, ‘मराठी सिनेमा झाला हा.’ त्यानं पात्रांना सहा दिलेत. मी नऊ.

गुरुवार, खूप उशीर

अकरा नंबर. हीसुद्धा मराठी, म्हणजे तिसरी.

बा सिंग से. भिंतींच्या आत भिंती असलेलं शहर. आयरोह आणि झुको निर्वासितांबरोबर तिथे लपून राहतात, नावं बदलून: मुशी आणि ली. आयरोह चहाच्या दुकानात कामाला लागतो. आता हाच आयरोह एके काळी अग्निराष्ट्राचा सेनापती होता, पश्चिमेचा ड्रॅगन म्हणत त्याला. सहाशे दिवस याच शहराला वेढा घातला होता त्यानं. त्यात मुलगा मेला, लू टेन, आणि तो परत फिरला. म्हणजे ज्यांना उपाशी मारत होता त्यांनाच आता तो चहा पाजतो. मालिकेनं आपल्याला त्याचं दुःख दाखवलं. २००६च्या एका भागात तो टेकडीवरच्या झाडाखाली मुलाचं चित्र मांडून गातो, आणि तो तुकडा माकोला अर्पण केलाय. आयरोहला आवाज देणारा हा नट त्याच वर्षी जुलैमध्ये गेला होता. सगळे रडतात तिथे. मीही. पण वेढ्यातल्या शहराचं दुःख काय, हे मालिकेनं आयरोहसमोर कधी ठेवलं नाही.

अकरा नंबरनं ठेवलंय. एक बाई. नाव नाही तिला. रोज संध्याकाळी दुकानात येते, चहा पातळ आहे म्हणून कुरकुरते, आणि तरी येते. बाहेरची आणि आतली भिंत यांच्यामध्ये त्यांचं शेत होतं. बाहेरची भिंत फुटली त्या रात्री ती पोराला घेऊन आत पळाली. नवरा बैल सोडायला मागे राहिला.

ती मुशीला सांगते की टेकडीवर सरपणाला गेले होते, तर झाडाखाली उदबत्त्यांची राख आणि सुकलेली फळं दिसली. कुणाचं तरी पोर गेलं असणार. मी पाचोळा काढला, जागा जरा झाडून घेतली. आपलं कुणी करत नाही, आपण दुसऱ्याचं करावं.

आयरोह पैसे घ्यायला नाही म्हणतो. ती ठेवतेच. त्याला काही बोलायचं असतं, पण दुकानात गिऱ्हाईक येतं. संपली गोष्ट. त्याची कबुली नाही, तिची क्षमा नाही.

आणि मी काय केलं? भाषा नऊ, पात्रं नऊ, गोष्ट नऊ, मुळाशी इमान चार. शेरा: ‘बा सिंग सेची भिंत कधी फुटलीच नव्हती, म्हणून तर ते अभेद्य शहर. गोष्टीचा पायाच चुकीचा.’ वर दोन रेघा. रात्री दीडला स्पर्धा चालवणाऱ्या मैत्रिणीला पाठवूनही टाकलं.

शुक्रवार

लेखकाचं उत्तर मैत्रिणीमार्फत आलं. एवढंच: ‘दुसरा खंड, तेरावा भाग. टॉफचं वाक्य.’

संध्याकाळी लावला तो भाग. शहराचा सेनापती भिंतीवर उभा राहून फुशारकी मारतोय की ही भिंत कुणालाही फोडता आली नाही. टॉफ विचारते, मग पश्चिमेचा ड्रॅगन? तो तर आत शिरला होता. सेनापती चाचरतो. तसं म्हटलं तर हो, पण लगेच हाकललं त्याला. आणि सावरून घेत म्हणतो की म्हणून तर शहराचं नाव बा सिंग से, म्हणजे अभेद्य शहर; ना सिंग से, म्हणजे भेद्य शहर, असं नव्हे. विनोदी प्रसंग आहे. मी दर वेळी ‘ना सिंग से’ला हसले आणि त्याच्या आधीचं वाक्य माझ्या कानावरून घरंगळत गेलं. नंतर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी वाचल्या, त्यांत आयरोह भिंतीबाहेरूनच परतायचा, आणि तेच माझं मूळ होऊन बसलं.

गेल्या वर्षी टॉफच्या पत्रावर मी अर्धं पान तोडून बोलले होते. त्या मुलीनं यंदा काही पाठवलं नाही. (मुलगी असेल असं आपलं मला वाटतंय. हाही माझा आगाऊपणा.)

या लेखकाला त्या विनोदात एक फुटलेली भिंत दिसली, आणि भिंतीला लागून असलेलं शेत. मला दिसली नाही. चाराचे दहा केले. मालाडकराला कळवलं तर म्हणाला, ‘मी दहाच दिले होते. तुझा शेरा बघून वाटलं माझीच काही चूक होतेय.’ म्हणजे माझ्या दोन रेघांनी त्यालाही डळमळवलं होतं.

आईला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. ‘आणि बैलांचं काय झालं?’ म्हणाली. गोष्टीत नाही ते, म्हटलं. ‘हं,’ म्हणाली, आणि पुढे सोलत राहिली.

शनिवार

लेखकाला माफीचं लिहून पाठवलं, ‘मी चुकले’ इथून सुरुवात करून. दुपारी उलट एक प्रश्न आला. शेवटच्या प्रसंगात आयरोह तिला ‘बाई’ म्हणतो, तिथे मी अधोरेखित करून समासात ‘ताई?’ असं लिहिलं होतं. इतके दिवस रोज येते, ओळख झालीय, आणि आयरोह जीव लावणारा, म्हणून. लेखकानं लिहिलंय: ‘आधी ताईच होतं. मग वाटलं, ताई म्हटलं की नातं जोडल्यासारखं होईल. ते जोडायचा हक्क त्याला आहे का? तो स्वतः काय समजत असेल? तुम्ही म्हणालात तर बदलतो.’

गोष्ट पुन्हा काढली. ‘राहू द्या बाई, पैसे नकोत.’ दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं, एकदा ‘ताई’ घालून, एकदा तसंच.

समासातलं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. खोडलं.