सायबाच्या फेस्ताला, चोर्ल्यानं

सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. त्याच्या जुन्या गोव्यातल्या फेस्ताला, सणाला, आमचा मेळा चोर्ला घाटानं पायी निघाला होता. बेळगावजवळचा पिरनवाडीचा फाटा ओलांडेपर्यंत सगळे गात होते. किणयेपर्यंत आवाज उतरले आणि कुसमळीच्या पुलावर पहिलं भांडण झालं, पाण्यावरून. माझे चुलत दीर "सायब नेईल तसं जायचं, वैनी" म्हणत साधी बाटलीही न घेता निघाले होते, आणि दर मैलाला माझी मागत होते. तोंडानं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू, नमान मोरिये, कुर्पेन भरल्ले, आणि डोळे बाटलीत किती उरलंय त्यावर. आमच्या मेळ्यात तेर्स कोकणीत, गाणी मराठीत आणि ट्रकवाल्यांना शिव्या कन्नडात.

राग खरं तर भावजींवर नव्हता. नवऱ्याची अँजिओग्राफी उन्हाळ्यात झाली. डॉक्टरांनी बायपास सांगितली. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "तुझी इच्छा पूर्ण होवो असं देवाला रोज म्हणतो ना आपण? मग!" गोळ्यासुद्धा मी हातावर ठेवल्या तरच पोटात जातात. प्रार्थनेला येणारी माणसं माना डोलावतात, केवढा विश्वास म्हणतात. माझ्या विश्वासाचं कुणी नाव काढत नाही, कारण तो रिपोर्टाच्या रांगेत उभा असतो. मग मी नवस बोलले, चोर्ल्यानं पायी जुन्या गोव्याला येईन. नवस तरी काय, देवाचा हात धरून आपल्या बाजूला ओढणंच की. हे कळत होतं, तरी बोलले.

जांबोटीच्या पुढं डाव्या टाचेला फोड आला. पोरानं हौसेनं घेतलेले बूट, आत घामानं भिजलेला मोजा, वर दुपारचा डांबरी रस्ता. तासाभरात मी टाच उचलून, चवड्यावर चालायला लागले. मेळा पुढं गेला. भावजी तेवढे मागं राहिले, माझ्यासाठी की बाटलीसाठी, देव जाणे.

रस्त्याला लागून एका घरासमोर भात वाळत पडलेलं. एक म्हातारी कोंबड्या हाकत बसली होती, गळ्यात तुळशीची माळ. "बसा की. कुठं चाललासा?"

"गोव्याला. सायबाच्या फेस्ताला."

"चालत? आमीबी जाताव आषाढीला." एवढं बोलून तिनं सरळ माझा बूट काढायला घेतला. मी पाय मागं ओढला, माझ्या आईच्या वयाची बाई. तिनं ओढून मांडीवर घेतला. आत जाऊन सुई चुलीवर तापवून आणली, काळा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. दोन्हीकडं बोटभर टोकं सोडून दोरा कापला. मला वाटलं होतं किंचाळेन, पण नुसतं गार वाटलं. दोऱ्यावरून पाणी तिच्या लुगड्यावर ठिबकत होतं. "दोरा ओढू नको, आपसूक उतरंल. कातडं सोलू नको. आन् ह्यो बूट किती आवळलाईस, खुळे!" वर कैलास जीवन लावलं, जुन्या धडप्याची पट्टी बांधली, नाडी स्वतः सैल केली आणि अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या.

मी विचारलं, "तुम्हालाही येतात का हो फोड, आजी?"

"येत न्हाईत व्हय? पांडुरंगच चालवतोय. म्हणून काय सुई घरात ठिवून जायाची?" आणि परत कोंबड्यांच्या मागं.

ताक दिलं. पैसे काढले तर रागावली, म्हणाली तुज्या देवाला माजा नमस्कार सांग. भावजींनी दोन तांबे ताक रिचवलं आणि मिशी पुसत म्हणाले, "बघा वैनी, सायबानं कशी सोय केली!" इतका संताप आला. कारण ते खोटं बोलत नव्हते.

कणकुंबीला मुक्काम. मलप्रभेचा उगम तिथलाच, पण मला आठवते ती थंडी. संध्याकाळच्या प्रार्थनेत फादरनी बायबलमधलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र वाचलं, दुसऱ्या अध्यायातलं: आपलं तारण भीत कापत साधून घ्या, आणि लगेच पुढं, इच्छा अन् कृती तुमच्या ठायी घडवणारा देवच आहे. पौलानं दोन्ही एका दमात लिहिलंय. मी ऐकता ऐकता दोऱ्याची टोकं चाचपत होते.

घाट उतरताना गुडघे बोलायला लागले आणि प्रार्थना बंद पडली. मनात सायबाचाच विचार. 1542 साली गोव्यात उतरला, पुढं जपानपर्यंत जाऊन आला. चीनमध्ये परक्यांना मज्जाव, तर ह्यानं एका व्यापाऱ्याशी मिरीच्या बदल्यात चोरून पोचवायचा सौदा केला. संत माणूस, आणि मिरीचा भाव ठरवत बसला! तो व्यापारी आलाच नाही. 3 डिसेंबर 1552 ला सायब समोरच्या बेटावर तापानं गेला, 46 वर्षांचा. सौदा केला म्हणून त्याचा विश्वास थिटा, असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. नवऱ्याला हे सांगायला हवं, असं ठरवलं. तो म्हणणार, बघ, शेवटी झालं ते देवाच्या मनातलंच. म्हणू दे.

केरी, साखळी, बाणस्तारीचा पूल. जुन्या गोव्यात खाज्यांची दुकानं, धूळ आणि बाँ जेझूच्या चर्चच्या पटांगणात न संपणारी रांग. सायबाचं शव 2024 ला दर्शनासाठी खाली आणलं होतं, आता परत वर. आम्हाला लांबूनच चांदीची पेटी.

रांगेत शिरायच्या आधी मी दवाखान्यात फोन लावला आणि सर्जनची शुक्रवारची वेळ घेतली. घरी गेल्यावर शांतपणे सांगणार होते. पण नवऱ्याचाच फोन आला, भावजींनी तो माझ्या हातातून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. नवऱ्यानं आधी त्यांना झापलं, मग मला, मग फादरना. मग म्हणाला, "उपाशीपोटी यायचंय का, ते विचारलंस?"

विचारलं नव्हतं. रांग सोडून बाजूला झाले आणि परत दवाखान्याला फोन लावला.