मृत्यूचं कारण लिहिलं, पण तपासलं कुणी?

पोस्टमॉर्टम म्हटलं की डोळ्यासमोर पोलिस केसच येते. पण हॉस्पिटलमध्ये आजाराने कुणी गेलं की घरच्यांच्या संमतीने, नेमकं काय झालं होतं ते बघायला करतात ती क्लिनिकल ऑटोप्सी वेगळी, आणि ती हळूहळू बंदच पडत चाललीय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोक म्हणतात सीटी आहे, एमआरआय आहे, आता चिरफाड कशाला. पण बोस्टनमधल्या एका टीचिंग हॉस्पिटलने १९६०, १९७० आणि १९८० सालच्या प्रत्येकी १०० ऑटोप्सी तपासल्या, १९८३ ला पेपर आला, आणि तिन्ही वेळा साधारण १०% पेशंटमध्ये असं निदान सुटलेलं निघालं की ते वेळेत कळतं तर ट्रीटमेंट बदलली असती आणि कदाचित माणूस वाचला असता. मधल्या काळात सोनोग्राफी आली, सीटी आला, तरी आकडा तिथेच. (शंका असलेल्या केसेसचीच ऑटोप्सी जास्त होते हे मान्य, तरी हा आकडा सोडून देण्यासारखा नाही.)

हमखास सुटणारं एक निदान म्हणजे पल्मनरी एम्बोलिझम. पायाच्या शिरेत गुठळी होते, ती सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकते, माणूस अचानक जातो आणि कागदावर हार्ट अटॅक लिहिलं जातं. पॅथॉलॉजिस्ट ती धमनी उघडतात तेव्हा मेल्यानंतर गोठलेलं रक्त असेल तर ते जेलीसारखं मऊ, चकचकीत असतं, सहज बाहेर येतं, पण जिवंतपणी झालेली गुठळी घट्ट आणि ठिसूळ, कापली की आत फिकट आणि लाल थर आलटून पालटून दिसतात. हा फरक सर्टिफिकेट लिहिताना कुणाला दिसणार?

आणि हे वॉर्डपर्यंत पोचलं तरच उपयोग. ज्यांनी ट्रीटमेंट दिली ते डॉक्टर, नर्स, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसले, कुणाला दोषी न ठरवता बोलले, तर पुढच्या पेशंटचा पाय सुजलाय हे कुणीतरी वेळेत बघेल. रिपोर्ट फाइलला लागला की संपलं.

घरच्यांना त्या क्षणी विचारणं अवघड असतं, कळतं मला. पण चेहऱ्याला सहसा धक्का लागत नाही, टाके घालून शरीर नीट परत देतात, आणि फक्त छाती किंवा पोट तपासा असंही सांगता येतं, हे डॉक्टरांनी शांतपणे बसून सांगायला हवं. तुमच्यावर वेळ आलीच तर संमती देतानाच विचारून ठेवा, रिपोर्ट कधी येणार आणि तो आम्हाला समजावून कोण सांगणार.