ताणामुळेच ना?

मेंदू हार्मोन्सवर ताबा कसा ठेवतो हा माझा विषय, म्हणून व्याख्यानानंतर, प्रवासात, फोनवर कोणी ना कोणी विचारतंच: “पाळी चुकते ती ताणामुळेच ना?” मी “असं सरसकट सांगता येत नाही” म्हणते. समोरचा हिरमुसतो. बाई भाव खाते, असंही काहींना वाटतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

उत्तर येत नाही असं नाही. ह्याच प्रश्नात माझी वर्षं गेली. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच, म्हणजे पाळीची साखळी सुरू करणारं हार्मोन, एकसारखं सोडत नाही, ठोक्याठोक्यानं सोडतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांत दाखवलं, की ते दर तासाला थोडंथोडं दिलं तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी कामाला लागते आणि अखंड दिलं तर गप्प बसते. म्हणून ‘हार्मोन्सचा बॅलन्स’ ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. तराजू कसला, ठेका आहे तो! आणि ताणानं तो चुकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उंदराच्या मादीला अरुंद नळीत कोंडायचं, शेपटीच्या टोकातून दर काही मिनिटांनी थेंबभर रक्त घ्यायचं. त्या ठोक्यांबरोबर पिट्युटरी जे एलएच नावाचं हार्मोन सोडते, त्याचे आलेखावरचे उंचवटे विरळ होत जातात. मग सरळ “हो” म्हणायला काय झालं?

एकदा म्हटलं होतं. धाकट्या बहिणीला.

तिची पाळी चार महिने आली नव्हती. नोकरी नवी, झोप अर्धवट. रात्री फोन आला, “ताई, तुझ्याच विषयातलं आहे बघ.” त्याच आठवड्यात माझे आलेख फार देखणे आले होते, आणि मी तिला ते आलेखच ऐकवले म्हणा ना. ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल, ठोक्यांना चालना देणारं किस्पेप्टिन, मंदावलेले ठोके. ती म्हणाली, डोकं दुखतं. मी म्हटलं, ताणच. ती हसत म्हणाली, हल्ली दाराच्या चौकटीला खांदा आपटतो गं, लक्षच नसतं. मी म्हटलं, आधी झोप काढ. लहानपणापासून ती माझं ऐकते. तेव्हाही ऐकलं, आणखी सात महिने.

शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही बाजूंचं दिसणं कमी झालं होतं. त्यांनी एमआरआय करायला लावला. पिट्युटरीवर गाठ निघाली, प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, तयार करणारी. कर्करोगाची नव्हे, पण दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात तिथपर्यंत वर चढलेली.

पिट्युटरीच्या पुढच्या भागातल्या इतर हार्मोन्सना हायपोथॅलॅमस मुख्यतः “सोड” म्हणतो. प्रोलॅक्टिनला मात्र डोपामिन ह्या रसायनाकरवी सतत “थांब” म्हणत असतो. प्रोलॅक्टिन फार वाढलं की जीएनआरएचचे ठोके दबतात, पाळी थांबते. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. परीक्षेतही विचारते: पाळी बंद, डोकेदुखी, बाजूचं दिसत नाही, तर बिघाड कुठे? चुकलं की गुण कापते.

मी डॉक्टर नाही. तिनं फोनवर विचारलं होतं, चौकटीचं तर जाता जाता. हे स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. पण डॉक्टर नव्हते तर निदान कशाला केलं? “रक्तातलं प्रोलॅक्टिन बघून घे” एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेव्हाची मी वाद घालते: तुझ्याकडे पुरावा होता. होता ना, उंदरांचा. ताणानं पाळी थांबते हे खोटं नाहीच. पण माणसाच्या बाबतीत ते म्हणायचं गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे तपासून झाल्यावर. मी शेवटचं उत्तर आधी दिलं, कारण ते माझं होतं.

डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्यांनी गाठ आक्रसली, शस्त्रक्रिया टळली. पाळी परतली, नजरही बरीचशी. डावीकडचा एक कोपरा अजून धूसर आहे. ती चिडली असती तर बरं झालं असतं. “तुला तरी कसं कळणार होतं, ताई,” म्हणते. कळायला हवं होतं की नाही, ह्यावर माझं माझ्याशीच एकमत होत नाही.

नळीचे प्रयोग मी थांबवलेले नाहीत. परवा व्याख्यानानंतर एका बाईंनी तेच विचारलं. मी विचारलं, “डोकं दुखतं का? चालताना कडेच्या वस्तू लागतात?”

“मी ताणाबद्दल विचारलं होतं,” त्या म्हणाल्या.